मेजर, तुमचं खातं मी बंद केलं

मेजर,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये टेबलाखाली बसले होते. एका मशीनची नेटवर्कची केबल सैल झाली होती. शिपाई दारातून म्हणाला, "मॅडम, सांगलीहून फोन आहे. रक्तपेढीचे डॉक्टर." मी ऑफिसात गेले, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि परत येऊन केबल घट्ट केली. दहाही मशीन एकमेकांना दिसतात का ते बघितलं. दिसत होती. मग हात धुऊन डबा खाल्ला. शेपूची भाजी होती. संपवली.

आज पंधरावा दिवस. अजून रडू आलेलं नाही. आई म्हणते, येईल, धक्का बसलाय. मला धक्काही बसल्यासारखा वाटत नाही. हातावर झोपलं की हात आपला राहत नाही, तसं काहीतरी आहे.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. सोमवारी सकाळी जतहून येणाऱ्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता. सांगली स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी उठला नाहीत. कंडक्टरला वाटलं, झोप लागलीये. त्याने तुमच्या खांद्याला हात लावला. त्रेचाळीस वर्षांचं वय. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. फौजेच्या सिग्नल तुकडीत अठरा वर्षं काढलेला माणूस, रोज सकाळी कृष्णाकाठी चार किलोमीटर पळणारा, आणि हृदय.

मला तुमच्याबद्दल जे सांगायचं आहे ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी रक्तपेढीत ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा तुम्ही तिथे फोनवर बसायचा. टेलिफोन, जनरेटर आणि रक्ताच्या फ्रीजचा वीजपुरवठा, ही तुमची खाती. मला वाटलं होतं, पेन्शनीत आलेला कुणीतरी वॉचमन असेल. सगळे तुम्हाला मेजर म्हणत. तुम्ही निवृत्त झालात हवालदार म्हणून, पण आपल्याकडे पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजरच. तुमचं मायाप्पा हे नाव मी पहिल्यांदा पगारपत्रकावर वाचलं.

रक्तदात्यांची यादी तेव्हा एका जुन्या मशीनवर होती. कुठला गट, कुठलं गाव, शेजाऱ्यांचा फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. ते मशीन दिवसातून दोन-तीनदा गोठायचं. एकदा कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला आणि अख्खी यादी चिनी अक्षरांसारखी दिसायला लागली. मी तीन आठवडे बसून कागदी फॉर्मवरून ती पुन्हा भरली. तुम्ही येता-जाता बघायचा. एक दिवस म्हणालात, "मॅडम, ह्ये मशीन न्हाई, ह्ये आजारी मानूस हाय. ह्येला बदला."

"नवं मशीन कोण देणार?"

"मशीन चांगलं हाय. आतला चालवनारा बदला."

मग पुण्याच्या तुमच्या फौजी मित्राकडून एक सीडी आली. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली. त्यावर लिनक्स होतं, मशीन चालवणारी वेगळी प्रणाली. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली, आणि मी तो शब्द फक्त ऐकला होता. तुम्ही दहावी. मी हसले होते, मेजर. तोंडावर नाही, पण घरी जाऊन आईला सांगताना हसले. त्याबद्दलही एकदा माफी मागायची राहिली. पण ती यादीत फार खाली आहे.

ते बसवायला आपल्याला सोळा दिवस लागले. आज मी साताऱ्यात तासाभरात बसवते. तेव्हा डिस्कचे भाग पाडायचे म्हणजे कागदावर गणित. तुम्ही सीडीवरची मदतीची पानं त्या खरखरणाऱ्या प्रिंटरवर छापून घेतलीत, जेवणाच्या सुट्टीत भाकरी खात खात डिक्शनरी घेऊन वाचलीत, आणि प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी लिहिलंत. पार्टिशन म्हणजे वाटणी. माउंट म्हणजे जोडणे. डीमन म्हणजे भूत. त्यापुढे कंसात: राखणीचं. मी विचारलं, राखणीचं का? तुम्ही म्हणालात, "शिवंवर म्हसोबा असतो का न्हाई? दिसत न्हाई, बोलत न्हाई, पर काम करतो. तसलंच हाय ह्ये."

सगळं बसवून झाल्यावर मशीन चालू केलं, तर पडद्यावर नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली, एल आणि आय, आणि सगळं ठप्प. लिलो हा पूर्ण शब्द यायला हवा होता. तो आला की समजायचं, गाडी सुरू झाली. आपण सहा वेळा पहिल्यापासून बसवलं. सहा वेळा एल आणि आय. मी म्हणाले, सोडा आता हे. तुम्ही खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलात आणि बराच वेळ नुसते त्या दोन अक्षरांकडे बघत राहिलात.

"ताई, वायरलेसवर पलीकडून निम्मा कॉल आला, तर आमी म्हनायचो, जित्ता हाय. मेलेला निम्मंबी बोलत न्हाई."

त्या दिवशी तुम्ही मला मॅडमवरून ताई केलंत. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कारण सापडलं. मशीन सुरू होताना लागणारा भाग डिस्कच्या फार आतल्या बाजूला पडला होता, मशीनला तिथवर दिसतच नव्हतं. तो भाग आपण डिस्कच्या अगदी सुरुवातीला हलवला. लिलो पूर्ण उमटलं. मग ओळींमागून ओळी धावत सुटल्या आणि शेवटी लॉगिन हा शब्द आला. तुम्ही उठून उभे राहिलात. सॅल्यूट केला नाहीत, पण हात पँटच्या शिवणीवर होते.

तुम्हाला ते जमलं याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं. नंतर कळलं की आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. दोन-दोन अक्षरांचे हुकूम. दिलेला हुकूम पाळला की गप्प बसणारी यंत्रणा. प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि कोण कधी आलं, कधी गेलं, याची नोंद. तुम्ही आयुष्यभर असल्याच ठिकाणी राहिला होता. एका बोटाने टाइप करायचा, पण ते बोट मोर्सवर घडलेलं. चुकायचं नाही.

भांडण झालं ते रूटवरून. रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. त्या नावाने आत गेलं की काहीही करता येतं, काहीही खोडता येतं. तुमचा नियम होता की रोजचं काम आपापल्या साध्या खात्यातून करायचं, गरज पडली तरच रूट व्हायचं आणि लगेच बाहेर यायचं. मला ते जाचक वाटायचं. मी म्हणायचे, इथे आपण दोघंच तर आहोत. तुम्ही म्हणायचा, "रूट झाल्यावर आपल्याला कुनी आडवत न्हाई, ताई. तिथंच घात हाय."

आणि दर शनिवारी बॅकअप. यादीची प्रत फ्लॉप्यांवर काढायची, पुन्हा वाचून तपासायची आणि रजिस्टरात लिहून सही करायची. हे काम माझं. सहा फ्लॉप्या लागायच्या, त्यातली एखादी हमखास खराब निघायची, की पुन्हा पहिल्यापासून. दोन तास जायचे.

मेजर, आता जे लिहिते आहे ते तुम्हाला कधीच माहीत नव्हतं. त्या वर्षी मार्चमध्ये शनिवारी दुपारी मला बघायला येत होते. ओळीने तीन शनिवार तीन स्थळं. एक कऱ्हाडचं, एक इस्लामपूरचं, एक पुण्याचं. आई म्हणायची, चारला घरात हवीस, साडी नेसून. मी तुम्हाला सांगू शकले असते. तुम्ही म्हणाला असता, जावा तुमी, मी घेतो. पण मला लाज वाटायची. तुमच्यासमोर मी सिस्टिम सांभाळणारी बाई होते, पोह्यांची बशी घेऊन उभी राहणारी मुलगी नव्हते. मला ते तसंच राहायला हवं होतं. म्हणून तीनही शनिवार मी बॅकअप घेतला नाही आणि रजिस्टरात लिहिलं, बॅकअप घेतला, तपासला. खाली सही.

याच तीन आठवड्यांत विट्याचं आणि कुंडलचं शिबिर झालं होतं. सगळी नवी नावं मशीनवर होती, त्यांची प्रत कुठेच नव्हती; कागदी फॉर्म माळ्यावरच्या पोत्यांत गेले होते.

मग तो बुधवार. डिस्क भरली होती. नव्या नोंदी घेईना. तुम्ही जनरेटरचं डिझेल आणायला गेला होता. मी रूट झाले. 'टेम्प' नावाने सुरू होणाऱ्या रद्दी फायली खोडायच्या होत्या, म्हणून हुकूम टाइप केला: टेम्प आणि त्याला चिकटून चांदणी, म्हणजे पुढे काहीही असलं तरी. पण मध्ये एक मोकळी जागा पडली. बोट स्पेसबारवर घसरलं, एवढंच. त्यामुळे हुकुमाचा अर्थ झाला, टेम्प खोड, आणि शिवाय इथलं सगळं खोड. त्याने सगळं खोडलं. काही विचारलं नाही, काही बोललं नाही. पुढच्या ओळीवर नुसती ती उभी खूण लुकलुकत राहिली.

मी त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. जुन्या फ्लॉप्यांवरून महिन्यापूर्वीची यादी परत चढवली आणि घरी गेले. वाटलं, हळूहळू फॉर्मवरून भरून काढेन. कुणाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिरजेहून फोन आला. बाळंतपणात एका बाईला रक्तस्राव, ओ निगेटिव्ह लागणार, जितकं मिळेल तितकं. फ्रीजमध्ये एकच बाटली होती. यादीत ओ निगेटिव्हची चार नावं. एक जण मुंबईला गेलेला, एकीने तीन आठवड्यांपूर्वीच दिलेलं, एकाचा फोन बंद, एक तापाने पडलेला. तुम्ही माझ्या पाठीशी उभे होता.

"कुंडलचा कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

मी यादी वर-खाली सरकवत राहिले.

"ताई, कुंडलच्या शिबिरात एक ओ निगेटिव्ह घावला हुता. सर्दी हुती म्हनून रगात घेतलं न्हाई, नुसता गट तपासला, मी सोता त्येला चहा दिला. दिसत का न्हाई?"

"यादी गेली, मेजर. काल. माझ्याकडून."

"शनवारच्या फ्लॉप्या?"

मी मान खाली घातली. तुम्ही रजिस्टर उघडलंत, त्या तीन ओळींवरून बोट फिरवलंत, मिटलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "माळ्यावर फॉर्मची पोती हायत. तुमी ती हुडका. मी कुंडलला जातो. वेल्डिंगवाला हाय, पलूसच्या वाटंला दुकान हाय, इतकं ध्यानात हाय." आणि डॉक्टरांची जीप घेऊन गेलात.

मी माळ्यावर बसून फॉर्म उपसत राहिले. प्रत्येक फॉर्मवर कुणाचं तरी नाव. त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं. तिसऱ्या पोत्यात वेल्डिंगवाल्याचा फॉर्म सापडला तेव्हा पावणेदोन झाले होते, आणि तुम्ही त्याला घेऊन कधीच मिरजेला पोचला होता. पाच दुकानं विचारत गेला होता, असं तो नंतर सांगत होता. जाताना त्याने आपल्या भावालाही जीपमध्ये घेतलं. त्याचाही तोच गट निघाला.

बाई वाचली. बाळही.

हे वाक्य मी त्या दिवसापासून कितीदा म्हटलं असेल. बाई वाचली. मला त्याने काही फरक पडला नाही. वाचवली तुमच्या आठवणीने. मी घालवली होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं. शांत माणूस. विचारलं, "काय झालं नेमकं?" मी तुमच्याकडे बघितलं. मेजर, त्या क्षणी मला खात्री होती की तुम्ही काहीतरी बोलाल. डिस्क गेली म्हणाल, वीज गेली म्हणाल. डॉक्टरांना त्यातलं काही कळत नव्हतं.

तुम्ही उभे होता. रिपोर्ट द्यावा तसे बोललात. "सर, तीन शनवार बॅकअप झालेला न्हाई. रजिस्टरात झाला म्हनून लिवलंय."

"कुणी लिहिलंय?"

"वैशालीताईंनी. तपासायचं काम माझं हुतं. मी सही बगितली, फ्लॉपी बगितली न्हाई. दोगांच्या नावावर लिवा."

मला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. दुसरं मी आत्ता, दीड वर्षाने, लिहिताना ऐकते आहे.

बाहेर व्हरांड्यात मी तुम्हाला थांबवलं. म्हणाले, "डिस्क गेली म्हणाला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

तुम्ही म्हणालात, "ताई, डिस्क गेली न्हवती."

बस. आपलं शेवटचं बोलणं ते. पुढे महिनाभर मी तिथे होते, पण 'हो' आणि 'नाही'च्या पलीकडे तुमच्याशी बोलले नाही. डॉक्टरांनी मला काढलं नव्हतं. मीच राजीनामा दिला. साताऱ्याच्या कॉलेजला लिनक्स येणारं माणूस हवं होतं आणि ते अख्ख्या जिल्ह्यात कुणाला येत नव्हतं. तुम्ही शिकवलेल्या कामावर मला तुमच्यापासून लांबची नोकरी मिळाली.

साताऱ्याला तुम्ही एकदा आला होता. मी कधी कुणाला सांगितलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर. मी लॅबमध्ये विद्यार्थ्यांना रूटबद्दल सांगत होते. तास संपल्यावर शिपाई म्हणाला, "मॅडम, एक मिलिटरीवाले आले होते. बोलावू का म्हटलं, तर म्हणाले, नको, काम चाललंय. खिडकीतून बघितलं थोडा वेळ. म्हणाले, ब्येस चाललंय. आणि गेले." मी विचारलं, कधी? म्हणाला, आत्ताच, पाच मिनिटं झाली. स्टँड दहा मिनिटांवर आहे. मी पळत गेले असते तर तुम्ही सापडला असता. मी खडूचे हात धुतले आणि पुढच्या तासाची तयारी केली.

तुमच्यावर राग होता म्हणून नव्हे. राग केव्हाच संपला होता. पण तुमच्यासमोर आले असते तर त्या तीन शनिवारांबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते अजून तोंडातून निघत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. "वैशाली, मशीन चालू आहे. पण रूटचा पासवर्ड फक्त मेजरांना माहीत होता. नव्या मुलीला साधं काम जमतं, त्यापुढचं नाही. तू येशील?"

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने सांगलीला गेले. मशीनच्या खोलीला कुलूप, किल्ली डॉक्टरांकडे. खाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या, तुम्ही जोडलेल्या. वीज कितीही वेळा गेली तरी मशीनला कळायचं नाही. टेबल पुसलेलं होतं.

पासवर्ड माहीत नसताना आत शिरायची वाट तुम्हीच मला दाखवली होती. मशीन बंद करायचं, पुन्हा चालू होताना लिलोपाशी एक शब्द जास्त लिहायचा, की ते काही न विचारता आपल्याला रूट म्हणून आत घेतं. पण त्याआधी सहज, हात गेला म्हणून, मी लॉगिनपुढे माझं नाव लिहिलं. जुना पासवर्ड लिहिला.

त्याने मला आत घेतलं.

मेजर, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं तुम्ही त्याच संध्याकाळी बंद करायचा. मी तिथे असताना दोघं सोडून गेले होते, दोघांची खाती सहाच्या आत बंद झाली होती. माझं दीड वर्ष उघडं होतं. पडद्यावर आलं, शेवटचा लॉगिन, आणि माझ्या तिथल्या शेवटच्या दिवसाची तारीख. वेळ पाच वाजून दहा. तुम्ही विसरलात असं मला वाटून घेता येईना. तुम्ही विसरणारे नव्हता.

खाली ओळ आली, तुमच्यासाठी टपाल आहे. उघडलं. सत्तरच्या वर पत्रं. मला क्षणभर वाटलं, तुम्ही काही लिहिलं असेल. एकेक बघत गेले. सगळ्यांत एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत मराठी: शनिवारचा बॅकअप झाला, तपासला. दर शनिवारी दुपारी चार वाजता. ते तुम्ही हाताने पाठवत नव्हता. तुम्ही मशीनलाच ते काम लावून दिलं होतं. दुसरी डिस्क बसवून, मशीनने आपण होऊन प्रत काढावी, ताडून बघावी आणि माझ्या नावे कळवावं असं. त्या छोट्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर तुम्ही टिपण लिहिलं होतं: हे काम माणसावर टाकलं ही माझी चूक होती.

मी ते दोनदा वाचलं. डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, "काही अडचण?" मी म्हणाले, "नाही."

मशीन बंद करण्याआधी बघितलं, किती दिवस अखंड चालू आहे. एकशे सत्तावीस दिवस. मग मी ते बंद केलं, चालू केलं, तो जास्तीचा शब्द लिहिला आणि रूटचा नवा पासवर्ड दिला. नव्या मुलीला बसवून सगळं समजावलं. मग माझं खातं बंद केलं. मग तुमचं. तुमच्या नावापुढे शेवटच्या लॉगिनला शनिवारची तारीख होती, गावी जायच्या आधीची. हुकूम दिला. यंत्रणा काही बोलली नाही. मी दुपारच्या गाडीने परत आले.

दहाव्याला मी तुमच्या गावी गेले. जतच्या पुढे तुमची वस्ती, बाभळी, मेंढरांचा वाडगा. तुमच्या घरी मी कधीच आले नव्हते. वहिनींनी मला न सांगता ओळखलं. घोंगडं अंथरून बसायला दिलं, पाणी दिलं. पाहुणे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या.

मी म्हणाले, "वहिनी, मी त्यांच्याशी दीड वर्ष बोलले नाही."

"म्हाईत हाय."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"न्हाई. पर सातारला जाऊन आले, तवा दोन दिस गप हुते."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तीन शनिवार, खोट्या सह्या, मला बघायला येत होते ते, मिरजेची बाई. तुम्हाला सांगायचं ते तुमच्या बायकोला सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा उठून शेळीला बांधून आल्या. शेवटी म्हणाल्या, "ते तितं नेमकं काय करायचे वो? मी इचारलं की म्हनायचे, मशीन राखतो. मेंढरं राखत्यात ते मला कळतंय. मशीन राखायचं म्हंजे काय?"

मी म्हणाले, "रक्त देणाऱ्यांची नावं असतात त्यात. कुणाला रक्त लागलं की त्यातलं नाव शोधायचं आणि बोलवायचं. ती नावं हरवू द्यायची नाहीत. ते काम होतं त्यांचं."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग विचारलं, "त्येंचं सोताचं नाव हाय का त्यात?"

"आहे. ते दर तीन-चार महिन्यांनी द्यायचे."

"मंग ऱ्हाऊ द्या तितं."

मेजर, मी 'हो' म्हणणार होते. किती सोपं होतं. त्यांना कधी कळलं नसतं. माझ्या तोंडात तो शब्द आला होता.

"वहिनी, ते काढावं लागेल," मी म्हणाले. "कुणाचा तरी माणूस खाटेवर असतो. त्यांचं नाव बघून फोन करतील आणि वाट बघत बसतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते, माझ्यासारखेच. वाडग्यात एक कोकरू ओरडत होतं. त्या म्हणाल्या, "बराबर हाय."

आणि थोड्या वेळाने, "मंग माझं घाला."

"तुमचा गट तपासावा लागेल. सांगलीला यावं लागेल."

"यीन की. एसटी हाय."

मी पर्समधून कागद काढला. पेन उघडलं आणि लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. तुम्ही कधी घेतलंच नव्हतं. आमच्या घरी, घरची, इतकंच म्हणायचा. मी विचारलं, "काय लिहू? पूर्ण नाव लागतं, वहिनी. स्वतःचं, आणि पुढे नवऱ्याचं."

त्यांनी पदर सारखा केला. दाराकडे बघितलं. आत सासरे होते, दीर होते, सगळे ऐकत होते. वीस-बावीस वर्षांत त्यांनी तुमचं नाव कुणासमोर घेतलं नसणार.

"लिवा," त्या म्हणाल्या. "कोंडाबाई." थांबल्या. मग अगदी स्पष्ट, आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"मायाप्पा."